'डू' या क्रियापदाचं नेमकं करायचं काय?

प्रश्नांकित

'डू म्हणजे करणे' एवढं सांगून पहिल्याच धड्यात या क्रियापदाची बोळवण होते. पुढच्या धड्यात 'आय डू नॉट नो' येतं आणि घोळ सुरू होतो. 'मला माहीत नाही' यात करण्यासारखं काय आहे? 'डू यू लाइक इट?' यात आवडून घेण्याचं काम कोण करतंय? बरं, जुन्या इंग्रजी पुस्तकांत 'आय नो नॉट' असं सरळ लिहिलेलं सापडतं. म्हणजे एके काळी 'डू'वाचून कुणाचं काही अडत नव्हतं. मग ते आलं कुठून? आणि आलं तर सगळीकडे का नाही? 'कॅन यू स्विम?'मध्ये नाही, 'आर यू रेडी?'मध्ये नाही, पण 'डोन्ट बी लेट'मध्ये मात्र चक्क 'बी'च्या डोक्यावर येऊन बसलंय.

दुसरी अडचण 'डू' आणि 'मेक'ची. मराठीत दोन्हींना 'करणे'च. तरी 'डू द होमवर्क' पण 'मेक अ मिस्टेक'. यामागे काही सूत्र आहे की नुसतं पाठांतर?

प्रौढांना बोलण्याचं इंग्रजी शिकवण्यासाठी टिपणं तयार करायची आहेत, त्यामुळे व्युत्पत्तीपासून सरावापर्यंत काहीही चालेल. 'डिड यू वेंट' ही चूक कशी घालवायची यावर कुणी लिहिलं तर फारच बरं.

धातुकोश

व्युत्पत्तीपासून सुरू करतो, कारण निम्मं उत्तर तिथेच आहे.

'डू'चा मूळ अर्थ 'करणे' नव्हताच. तो होता 'ठेवणे, घालणे, मांडणे'. ज्या आद्य भारोपीय (संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी यांच्या समान पूर्वज भाषेतल्या) धातूपासून ते निघालं, त्याचंच संस्कृत रूप म्हणजे 'धा' (दधाति, धत्ते). विधान, विधी, निधी, संधी, समाधान, श्रद्धा ही सगळी 'धा'ची प्रजा. 'हित' हेही 'धा'चंच भूतकालवाचक रूप, म्हणून विहित, निहित आणि संहिता. ग्रीकमध्ये याच धातूपासून 'तिथेमी' म्हणजे 'मी ठेवतो' आणि त्यातून पुढे इंग्रजीत आलेले थीसिस, थीम. थीम ज्या साच्यात घडला, त्याच साच्यात संस्कृत 'धामन्' म्हणजे आपलं 'धाम' घडलं. लॅटिनमध्ये 'फाकेरे', आणि तिथून फॅक्ट, फॅक्टरी वगैरे. 'ठेवणे'वरून 'करणे'वर घसरायला लॅटिननेही कमी केलं नाही, म्हणजे हा काही इंग्रजीचा खास चमत्कार नाही.

'ध'चा 'ड' झाला तो नियमाने. जर्मानिक शाखेत (इंग्रजी, जर्मन, डच यांच्या कुळात) मूळ घोष महाप्राणांचा, म्हणजे 'ध', 'भ' अशा वर्णांचा, प्राण गेला: विधवा आणि विडो, बंध आणि बाइंड, भ्रातृ आणि ब्रदर. जर्मन भाषा त्याच्याही पुढे गेली आणि तिने 'ड'चा 'ट' केला, म्हणून तिथे 'टून'. डचमध्ये 'डून' राहिलं. इंग्रजीच्या स्वतःच्या घरात डीड म्हणजे कृत्य, डीम म्हणजे मानणे, आणि डूम. या डूमचा जुना अर्थ 'घालून दिलेला कायदा, निवाडा' असा होता, सर्वनाश नंतर आला. किंगडम, फ्रीडममधलं शेपूटही तेच.

अवांतर: मराठी 'करणे' हे 'कृ'पासून आलं, त्याचा 'डू'शी काही संबंध नाही. 'क्रिएट'शीही नाही, कितीही सारखं दिसलं तरी. लॅटिन 'क्रेआरे' हे वाढ-उत्पत्तीच्या वेगळ्याच धातूचं. हे साम्य पाहून दरवर्षी कुणीतरी नवा सिद्धान्त मांडतं, म्हणून आधीच सांगितलं.

'घालणे' या जुन्या अर्थाचे दोन अवशेष आजही जिवंत आहेत. 'डॉन' म्हणजे अंगावर चढवणे, ते मुळात 'डू ऑन'. 'डॉफ' म्हणजे उतरवणे, ते 'डू ऑफ'. आपलं 'परिधान' तरी काय, परि अधिक धा. दोन्ही भाषांनी कपडे घालायला तोच धातू वापरला. 'डू अप युवर बटन्स'मध्येही हाच वास येतो.

आता 'डिड'. जुन्या इंग्रजीत याचं रूप 'ड्युडे' असं होतं. धातूचं पहिलं अक्षर दोनदा उच्चारून भूतकाळ करायची ही पद्धत. संस्कृत व्याकरणात त्या जादा अक्षराला 'अभ्यास' म्हणतात (दधौ, ददौ). अनेक भाषाशास्त्रज्ञांच्या मते इंग्रजीतला भूतकाळाचा 'एड' प्रत्यय हाच या 'डिड'च्या पूर्वजाचा झिजलेला तुकडा आहे. तपशिलात वाद आहेत, पण ते मत मान्य केलं तर 'वॉक्ड' म्हणजे मुळात 'चालणे केले'. मग 'डिड यू वॉक्ड' म्हणणारा माणूस 'डिड' दोनदा म्हणतो आहे, एकदा धडधाकट आणि एकदा झिजलेलं. ही गंमत वर्गात सांगून पाहा, डोक्यात राहते.

सहायक 'डू'चा इतिहास असा. जुन्या इंग्रजीत प्रश्न विचारायचा तर मुख्य क्रियापदच कर्त्याच्या पुढे यायचं: 'नो यू द मॅन?' नकाराला अगदी जुन्या इंग्रजीत क्रियापदाआधी 'ने' लागायचं, क्रियापदानंतरचं 'नॉट' पुढे आलं: 'आय नो नॉट'. १६व्या शतकापर्यंत हेच सर्रास चाले. मध्य इंग्रजीत (जुन्या आणि आजच्या इंग्रजीच्या मधल्या टप्प्यात) 'डू'ला 'करवून घेणे' असाही अर्थ होता, म्हणजे 'ही डिड बिल्ड अ टॉवर' याचा अर्थ 'त्याने मनोरा बांधवून घेतला'. आता बांधवून घेतला काय आणि बांधला काय, ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा फरक पडत नाही. त्यातून 'डू' पोकळ होत गेलं असं एक मत. वेल्श आणि कॉर्निश या शेजारच्या केल्टिक भाषांमध्ये 'करणे' असंच सहायक म्हणून वापरतात, त्यांचा प्रभाव पडला हे दुसरं मत. दोन्ही बाजूंचे लोक अजून भांडतायत.

पसरलं कसं, याची मात्र नीट मोजदाद आहे. स्वीडिश अभ्यासक अल्वार एलेगोर्ड यांनी १९५३ साली जुन्या मजकुरांतली हजारो वाक्यं मोजून आलेख काढला. 'डू' आधी नकारार्थी प्रश्नांत रुजलं, मग साध्या प्रश्नांत, मग नकारार्थी विधानांत. साध्या होकारार्थी विधानांतही ('आय डू थिंक', जोर न देता) ते १६व्या शतकात वाढत होतं, पण नंतर तिथून ओसरलं. १७०० च्या आसपास आजचा नियम जवळपास बसला होता. 'नो', 'डाउट', 'केअर' अशा काही रोजच्या क्रियापदांनी सगळ्यात शेवटपर्यंत दाद दिली नाही. तुम्हाला 'आय नो नॉट' हेच वाक्य जास्त भेटतं ते म्हणूनच. १६११ च्या इंग्रजी बायबलमधलं 'दे नो नॉट व्हॉट दे डू' हे वाक्य बघा. नकाराला 'डू' नाही, आणि शेवटचं 'डू' आहे ते अस्सल 'करणे'वालं.

'डू' टिकलं त्यामागे शब्दक्रमाचा मोठा हात आहे. विभक्तिप्रत्यय झडल्यावर कर्ता कोण आणि कर्म कोण हे इंग्रजीत फक्त जागेवरून कळतं. 'सॉ द किंग द बिशप?' यात राजाने धर्मगुरूला पाहिलं की उलट? 'डिड द किंग सी द बिशप?' म्हटलं की क्रियापद कर्ता-कर्माच्या मधल्या आपल्या जागी राहतं आणि प्रश्नाची खूण तेवढी पुढे जाते.

कर्ता_कर्म

धातुकोश यांनी मुळापासून खणलं, मी वर्गातलं सांगते.

इंग्रजीत चार कामांना सहायक क्रियापद लागतंच लागतं. नकार द्यायचा, प्रश्नासाठी जागा बदलायची, आधीचं क्रियापद पुन्हा उच्चारणं टाळायचं ('सो डू आय'), आणि ठासून सांगायचं ('आय डिड सेंड इट'). वाक्यात आधीच कॅन, विल, मस्ट, इज, आर, किंवा पूर्ण काळातलं हॅव असेल तर तेच ही कामं करतं. काहीच नसेल तर 'डू' उभं करायचं. त्याला स्वतःचा अर्थ नाही. काळ, पुरुष आणि नकार अडकवायची ती खुंटी आहे. 'कॅन यू स्विम?'मध्ये 'डू' का नाही, याचं उत्तर इथेच मिळालं.

'डिड यू वेंट'चं मूळ मराठीत आहे. 'तू गेलास' या वाक्याला शेवटी 'का' जोडलं की प्रश्न तयार, 'गेलास'ला हातही लावावा लागत नाही. शिकणारा 'डिड'ला 'का' समजतो आणि तयार वाक्यावर चिकटवतो. त्यामुळे 'डिडनंतर पहिलं रूप' हा नियम कितीही घोकला तरी बोलताना निसटतो. घोकण्याऐवजी फोड करायला लावा:

'शी वेंट होम' हे वाक्य घ्या. 'वेंट' फोडा: डिड अधिक गो. आता तोंडाने म्हणा, 'शी डिड गो होम.' हे वाक्य जोर देऊन म्हटलं तर बरोबरच आहे, म्हणून या टप्प्यावर काही चुकीचं शिकवलं जात नाही. मग 'डिड' उचलून कर्त्याच्या आधी: 'डिड शी गो होम?' किंवा 'डिड'ला 'नॉट' जोडा: 'शी डिडन्ट गो होम.' तसंच 'ही वर्क्स'ची फोड डझ अधिक वर्क. 'वर्क्स'चा 'स' उडून 'डझ'मध्ये गेला, आता तो परत लावायचा नाही. 'डझ ही वर्क्स' म्हटलं की एकच 'स' दोन ठिकाणी.

सरावाला क्रियापदं निवडताना काळजी घ्या. सुरुवातीला वेंट, सॉ, बॉट, टुक, एट अशी घ्या, म्हणजे चूक कानाला लगेच खटकते. वॉक्ड, आस्क्ड यांतला शेवटचा 'ट' बोलण्यात इतका पुसट होतो की मुलगा 'डिड यू आस्क्ड' म्हणाला की 'आस्क' हे तुम्हालाच कळणार नाही. पुट, कट, हिट तर सरावाला कुचकामी, तिन्ही रूपं एकच. चूक झाली तरी बरोबर दिसते.

हे जमलं की पुढच्या तीन खड्ड्यांकडे वळा.

पहिला, 'हू' आणि 'व्हॉट' कर्त्याच्या जागी असले की 'डू' लागत नाही. 'कप कुणी फोडला?' म्हणजे 'हू ब्रोक द कप?' 'तू कुणाला पाहिलंस?' म्हणजे 'हू डिड यू सी?' मराठीत 'कुणी' आणि 'कुणाला' वेगळे आहेत, त्यामुळे हा फरक आपल्या लोकांना खरं तर सोपा जायला हवा. उत्तरातला शब्द कर्ता असेल तर 'डू' नाही, एवढं पुरतं.

दुसरा, वाक्याच्या पोटातला प्रश्न. 'तो कुठे राहतो मला माहीत नाही' याचं 'आय डोन्ट नो व्हेअर डझ ही लिव्ह' होतं. पोटात शिरल्यावर प्रश्न प्रश्न राहत नाही, 'डझ' विरघळतो आणि 'स' क्रियापदाकडे परत जातो: 'व्हेअर ही लिव्ह्ज'. 'कॅन यू टेल मी' ने सुरू होणाऱ्या प्रश्नांत शिकलेसवरलेलेही इथे घसरतात.

तिसरा, शेपटीचे प्रश्न. मराठीत 'ना?' सगळीकडे चालतं, म्हणून 'इजन्ट इट?' सगळीकडे लागतं. 'यू लाइक टी, डोन्ट यू?', 'शी कॉल्ड, डिडन्ट शी?' अशा जोड्या तोंडपाठच करायला हव्यात. फोड करायची सवय झाली असेल तर त्या आपोआप सुचतात, कारण 'कॉल्ड'मधून 'डिड' आधीच बाहेर काढलेला असतो.

'डोन्ट बी लेट'बद्दल. 'इज' आणि 'आर' ही काळाची रूपं आहेत, ती कर्त्याच्या पुढे उडी मारू शकतात आणि 'नॉट' अंगावर घेऊ शकतात. आज्ञार्थातलं 'बी' हे नुसतं मूळ रूप, त्याला आजच्या इंग्रजीत ते जमत नाही. म्हणून तिथे 'डू'ला यावं लागतं. 'डू बी केअरफुल' हे आग्रहाचं वाक्यही त्यामुळेच शक्य होतं.

'हॅव'चे दोन जन्म वेगळे शिकवा. 'आय हॅव सीन इट' मधलं सहायक: 'हॅव यू सीन इट?' 'आय हॅव अ कार' मधलं मालकीचं: 'डू यू हॅव अ कार?' 'हॅव टू' म्हणजे करावं लागणे, तेही 'डू'कडे: 'डू आय हॅव टू साइन?' ब्रिटिश बोलण्यात 'हॅव यू गॉट अ कार?' सर्रास ऐकू येतं, तिथे 'गॉट'मुळे 'हॅव' पुन्हा सहायक झालं. आणि 'यूज्ड टू'चा प्रश्न लिहिताना 'डिड यू यूज टू', शेवटचा 'डी' काढून. उच्चार दोन्हींचा 'यूस टू' असाच होतो, म्हणून लिहिताना ही चूक छापील मजकुरातही दिसते.

अल्पविराम

वरच्या दोन्ही प्रतिसादांना सहमत. उच्चार राहिला, तेवढा टाकतो.

'डझ'ला 'डूज' किंवा 'डोझ' म्हणू नका. 'डझन'मधलं 'डझ' म्हटलं की झालं. 'डन'ला 'डोन' नाही. 'डोन्ट'मध्ये मात्र लांब 'ओ' हवाच. 'डन'मध्ये 'अ' आणि 'डोन्ट'मध्ये 'ओ', अक्षरं तीच. स्पेलिंगवरून उच्चार काढायला गेलात की फसलात.

सहायक 'डू'वर जोर नसतो. बोलताना 'डू यू'चं 'ड्यु' होतं, 'डिड यू'चं 'डिज्यु', 'व्हॉट डू यू वाँट'चं जवळपास 'व्हॉड्यु वाँट'. ऐकण्याच्या चाचणीत 'डू यू'ऐवजी 'डिड यू' लिहिण्याची चूक इथून येते. एवढ्या घाईत काळ ओळखायचा तर 'ज्यु'च्या आधीच्या 'डि'कडे कान ठेवायचा. उलट प्रत्येक 'डू' ठसक्यात उच्चारला तर समोरच्याला वाटतं तुम्ही वाद घालताय. 'आय डिड सेंड द मेल' यात 'डिड' ठासून म्हटलं तर अर्थ होतो 'पाठवली म्हणतोय ना!' नुसती माहिती द्यायची असेल तर 'आय सेंट द मेल' म्हणा. आपल्याकडची मंडळी विनयाने 'आय डिड सेंड' म्हणतात आणि ऐकणारा दुखावतो.

आणखी एक जागा: नकारार्थी प्रश्नाचं उत्तर. 'डोन्ट यू लाइक इट?' याला मराठी मनाने 'येस, आय डोन्ट' निघतं, कारण 'नाही का आवडत?' 'हो, नाही आवडत' हे आपल्याकडे नैसर्गिक आहे. आपण समोरच्याच्या अंदाजाला 'हो' म्हणतो. इंग्रजीत 'येस' आणि 'नो' हे पुढच्या 'डू'शी जुळले पाहिजेत. 'येस, आय डू' किंवा 'नो, आय डोन्ट', तिसरी जोडी नाही. प्रश्न नकारार्थी होता हे विसरून जायचं, वस्तुस्थिती काय तेवढं पाहायचं.

प्रश्नांकित

फोडीची युक्ती फारच आवडली, उद्याच्या टिपणात जाते. 'डू' आणि 'मेक'वर कुणी लिहील का? शिवाय 'डू द नीडफुल' आणि 'डू वन थिंग' यांचं काय करायचं? निम्म्या वर्गाच्या तोंडी आहेत. आणि लग्नात 'आय डू' म्हणतात, त्यात हा 'डू' कोणता? अल्पविराम यांच्या वर्गीकरणात तो ठसक्याचा की विनाठसक्याचा?

शुद्धलेखनी

'डू' आणि 'मेक'चं सूत्र आहे, पण ते ऐंशी टक्क्यांचं, उरलेलं पाठांतर.

कृतीच्या शेवटी काहीतरी नवं अस्तित्वात येत असेल, मग ते हाताने धरण्यासारखं असो वा नसो, तर 'मेक'. चूक, निर्णय, गोंगाट, योजना, वचन, सबब, प्रगती, पैसे, मित्र: आधी नव्हते, आता आहेत. म्हणून मेक अ मिस्टेक, मेक अ डिसिजन, मेक अ नॉइज, मेक अ प्लॅन, मेक अ प्रॉमिस, मेक एक्स्क्यूजेस, मेक प्रोग्रेस, मेक मनी, मेक फ्रेंड्स. आधीपासून ठरलेलं, पुढ्यात वाढून ठेवलेलं काम उरकायचं असेल तर 'डू': होमवर्क, डिशेस, लाँड्री, शॉपिंग, कोर्स, रिसर्च, एक्सरसाइज. भांडी घासल्यावर नवी भांडी तयार होत नाहीत.

फायदा आणि नुकसान यांचाही कल 'डू'कडे: डू गुड, डू हार्म, डू डॅमेज, डू समवन अ फेवर. इथे सूत्र जरा लंगडतं, कारण नुकसानही नव्यानेच होतं म्हणा. तसंच अंथरूण नीट करणे हे उरकायचं काम असूनही 'मेक द बेड'. ही उदाहरणं वेगळ्या चौकटीत लिहून द्या आणि कारणं देत बसू नका, कारण ओढूनताणून दिलेलं कारण पुढच्या शब्दाला लावलं की चूक होते.

त्याहून मोठा धोका मात्र वेगळाच. मराठीत कुठल्याही नामाला 'करणे' लावलं की क्रियापद तयार, त्यामुळे जिथे 'डू'ही नाही आणि 'मेक'ही नाही तिथे लोक यांतलं एक दडपून देतात. प्रश्न करणे म्हणजे 'आस्क अ क्वेश्चन'. भाषण करणे म्हणजे 'गिव्ह अ स्पीच'. अंघोळ करणे 'हॅव' किंवा 'टेक अ बाथ'. पार्टी करणे 'हॅव अ पार्टी'. गुन्हा करणे 'कमिट अ क्राइम'. लग्न करणे 'गेट मॅरीड', 'डू मॅरेज' नव्हे. आणि फसवणूक, वाट पाहणे, मदत यांना तर स्वतंत्र क्रियापदंच आहेत: चीट, वेट, हेल्प. 'डू हेल्प' असं लिहिलेलं दिसलं की समजावं, 'मदत करणे'चा शब्दशः तर्जुमा झाला.

'डू द नीडफुल' चुकीचं इंग्रजी नाही, शिळं इंग्रजी आहे. ब्रिटनमध्ये एके काळी ते सहज चाले, तिथून ते मागे पडलं आणि भारतातल्या कचेऱ्यांच्या पत्रव्यवहारात मुक्कामी राहिलं. परदेशी वाचणाऱ्याला जुनाट वाटतं, शिवाय नेमकं काय हवंय ते त्यातून कळत नाही. त्याऐवजी काम सरळ सांगा: 'प्लीज साइन द फॉर्म अँड रिटर्न इट.' 'डू वन थिंग' हे मात्र 'एक काम करा'चं सही-सही भाषांतर. इंग्रजीत त्या जागी काहीच लागत नाही, थेट सूचना द्यायची. फार तर 'व्हाय डोन्ट यू' ने सुरुवात करा, त्यात 'डू'ही येतो आणि अजीजीही.

'डू'चे काही अर्थ 'करणे'ला धरून अजिबात लागत नाहीत, तेही टिपणात हवेत. 'दॅट विल डू' म्हणजे एवढं पुरे, भागेल. 'आय कुड डू विथ सम टी' म्हणजे चहा मिळाला तर बरं. 'डू विदाउट' म्हणजे त्याच्यावाचून चालवणे, 'मेक डू' म्हणजे आहे त्यात भागवणे (दोन्ही क्रियापदं एकाच वेळी!), 'डू अवे विथ' म्हणजे रद्द करणे. 'इट हॅज नथिंग टू डू विथ मी' म्हणजे माझा त्याच्याशी संबंध नाही. 'हाउ डू यू डू?'मधला शेवटचा 'डू' म्हणजे 'बरं चालणे', आणि त्याला उत्तर म्हणून तब्येतीचा पाढा वाचायचा नसतो, तेच वाक्य परत म्हणायचं असतं. हल्ली तसंही ते फार औपचारिक वाटतं.

धातुकोश

लग्नातल्या 'आय डू'बद्दल. तो कर्ता_कर्म यांच्या यादीतला तिसरा, पुनरुक्ती टाळणारा. 'डू यू टेक दिस मॅन...' असा प्रश्न असतो, त्यातलं अख्खं 'टेक दिस मॅन' गिळून फक्त खुंटी परत दिली जाते. म्हणून तो विधीत कसा विचारलाय यावर अवलंबून आहे. इंग्लंडच्या चर्चच्या पारंपरिक विधीत प्रश्न 'विल'ने विचारतात, आणि तिथे उत्तर 'आय विल' असतं. चित्रपटांमुळे 'आय डू' जगभर गेलं. ठसका म्हणाल तर आहे, कारण वाक्याच्या शेवटी एकटा उरलेला सहायक कधीच पुसट उच्चारत नाहीत. 'येस, आय कॅन' मधला 'कॅन'ही असाच पूर्ण उच्चारतात.

याच कामात ब्रिटिश आणि अमेरिकन बोलण्यात फरक पडतो. 'विल यू कम?' याला अमेरिकन माणूस 'आय माइट' म्हणेल, ब्रिटिश माणूस 'आय माइट डू' असंही म्हणेल. परीक्षेच्या दृष्टीने दोन्ही ग्राह्य धरायला हरकत नाही.

कर्ता_कर्म यांच्या एका वाक्याला छोटी पुरवणी: 'बी'ला आज्ञार्थात नकार पेलत नाही हे आजचं. पूर्वी 'बी नॉट अफ्रेड' बिनदिक्कत चाले, जुन्या धार्मिक मजकुरात ठायी ठायी आहे.

आणि जोर न दिलेला होकारार्थी 'डू' जो मी ओसरला म्हटलं, तो एका ठिकाणी अजून टिकून आहे: शपथपत्रात. 'आय डू हिअरबाय डिक्लेअर' यात कुणी ठासून काही सांगत नसतं, ते १६व्या शतकातलं वळण कायद्याच्या भाषेने जपून ठेवलंय. तसंच 'डथ'. तृतीयपुरुषी 'थ' प्रत्यय बाकी क्रियापदांनी टाकून 'स' घेतला, तरी 'हॅथ' आणि 'डथ' बराच काळ मागे रेंगाळले. रोजच्या वापरातली रूपं अशीच सगळ्यात उशिरा बदलतात.

कर्ता_कर्म

पुरवणी मान्य. 'ही डोन्ट'बद्दल कुणी विचारायच्या आत: गाण्यांत ऐकू येतं, आणि १८व्या-१९व्या शतकात ते चांगल्या घरच्या बोलण्यातही होतं. आज प्रमाण लेखनात 'ही डझन्ट'च. वर्गात गाण्याचा दाखला घेऊन कुणी वाद घातला तर तेवढं सांगा आणि 'वर्क्स'ची फोड पुन्हा करायला लावा, 'स' कुठे गेला ते त्यालाच दिसेल.